माल सेंद्रिय आहे की नाही, लॅबमधून कसं तपासून घ्यायचं (नाशिकच्या मालाच्या हिशोबाने)

मी सहा वर्षं एका रेसिड्यू लॅबमध्ये, म्हणजे मालात उरलेले फवारणीच्या औषधांचे अंश तपासणाऱ्या लॅबमध्ये, सॅम्पल प्रेपला (सॅम्पल तयार करायच्या कामाला) होते आणि जानेवारी ते एप्रिल, म्हणजे द्राक्षाच्या ऐन सीझनला, काउंटरवर रोज कोणीतरी पिशवी ठेवून म्हणायचं, मॅडम हे ऑरगॅनिक आहे की नाही तेवढं बघून सांगा. नोकरी सोडली, आता दिंडोरी तालुक्यातल्या एका शेतकरी गटाचं सॅम्पलिंग आणि कागदपत्रं बघते, तरी प्रश्न तोच येतो. गंगापूर रोडच्या सोसायट्यांमधून येतो, स्वतः शेतकरी पण विचारतात. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आधी हे डोक्यात घ्या की माल टाकला आणि सेंद्रिय किंवा रासायनिक अशी पट्टी बाहेर आली असं मशीन कुठेच नाहीये. सेंद्रिय हे पिकवायच्या पद्धतीचं नाव आहे, ती पद्धत वर्षभर शेतात चालते आणि लॅबमध्ये पोचतो फक्त दोन किलो माल. त्या मालावर पद्धतीच्या काही खुणा राहतात, औषधांच्या खुणा एका टेस्टमध्ये दिसतात, खताच्या दुसऱ्याच टेस्टमध्ये, आणि काही खुणा काढणीपर्यंत पुसून गेलेल्या असतात. त्यामुळे लॅबला "सेंद्रिय आहे का" असं विचारू नका, "यात अमुक औषध आहे का" किंवा "याला नायट्रोजन कशातून मिळालाय" असं विचारा. प्रश्न बरोबर असेल तर पैसे वाया जात नाहीत.

घरगुती परीक्षांबद्दल पटकन सांगते. अळी निघाली म्हणजे सेंद्रिय, चव गोड म्हणजे सेंद्रिय, आकार वेडावाकडा म्हणजे सेंद्रिय, यातलं काहीच धरून चालू नका, फवारलेल्या वांग्यात पण अळी असते आणि चव वाणावर, पाण्यावर, काढणीच्या दिवसावर जाते. द्राक्षाच्या मण्यावर जो पांढुरका थर दिसतो तो बहुतेक वेळा मण्याचं स्वतःचं मेण असतं, बोटाने पुसलं की निघतं आणि लोक घाबरतात की औषध निघालं. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून वरवरचं काही औषध कमी होतं हे खरंय पण ती धुण्याची पद्धत आहे, तपासण्याची नाही. आणि ते भाजीत खुपसायचे छोटे मीटर मिळतात ना, ते भाजीच्या रसातून वीज किती जाते यावरून नायट्रेटचा अंदाज काढतात, औषधांचं त्यांना काहीच कळत नाही, आणि नायट्रेट तर शेणखत जास्त झालं तरी वाढतं.

आता खरी टेस्ट. सगळ्यात जास्त होते ती रेसिड्यू टेस्ट, आणि नाशिककरांना ती नवीन नाही. २००३ मध्ये युरोपात आपल्या द्राक्षात रेसिड्यू सापडले आणि त्यानंतर अपेडाचं, म्हणजे शेतमालाची निर्यात बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं, ग्रेपनेट उभं राहिलं, निर्यातीच्या बागेचा प्लॉट रजिस्टर करायचा, सॅम्पल लॅबने उचलायचं, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे त्याची रेफरल लॅब आहे, हे निफाड-दिंडोरीच्या पोरांना पण माहितीये. लॅबमध्ये होतं काय तर माल मिक्सरला लावून लगदा करतात, त्यातून इथाइल ॲसिटेट किंवा ॲसिटोनायट्राइलने औषधं ओढून घेतात, साखर, रंग, आम्ल असला कचरा साफ करतात आणि ते द्रावण एलसी-एमएस-एमएस आणि जीसी-एमएस-एमएस या दोन मशीनवर लावतात. दोन का, तर काही औषधं उष्णतेने वाफ होऊन जीसीवर नीट दिसतात आणि काही उष्णतेने मोडतात, ती एलसीवर बघावी लागतात. एका सॅम्पलमध्ये शेकडो औषधं एकदम बघता येतात.

इथेच लोक फसतात. रिपोर्टवर शेवटपर्यंत एनडी, एनडी, एनडी म्हणजे नॉट डिटेक्टेड, आणि लगेच सांगत सुटतात की बघा माझा माल ऑरगॅनिक. पण त्या मल्टी-रेसिड्यू, म्हणजे एकदम तपासलेल्या शेकडो औषधांच्या, लिस्टमध्ये काय नाहीये ते बघितलंय का? जी औषधं पाण्यात फार विरघळतात ती या पद्धतीत ओढलीच जात नाहीत, त्यांना वेगळी टेस्ट लागते. आणि नेमकी आपल्याकडची महत्त्वाची नावं त्यातच आहेत. ग्लायफोसेट, म्हणजे तणनाशक. इथेफॉन, जे द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या (ऑक्टोबरच्या आसपासची, फळासाठीची) आधी पानगळीसाठी मारतात. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट, खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या आसपासची) शेंडा थांबवायला, आणि २०१० साली युरोपात आपला माल अडकला तो याच्यामुळेच, तेव्हा कित्येकांच्या ध्यानीमनी नव्हतं की हे पण तपासतील. डाऊनीसाठी, म्हणजे केवडा रोगासाठी, मारतात ते फोसेटिल आणि पोटॅशियम फॉस्फाइट, त्यातून राहणारं फॉस्फोनिक ॲसिड. आणि मॅन्कोझेबच्या जातीची बुरशीनाशकं, म्हणजे डायथायोकार्बामेट, ही पाण्यात विरघळत नाहीत पण या पद्धतीत तीही ओढली जात नाहीत, त्यांना तर ॲसिडमध्ये उकळून त्यातून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजतात, तीही वेगळी टेस्ट. म्हणून लॅबला फोन करताना एकच वाक्य बोला: मल्टी-रेसिड्यूच्या सोबत ग्लायफोसेट, इथेफॉन, क्लोरमेक्वाट, फॉस्फोनिक ॲसिड आणि डायथायोकार्बामेट करता का आणि त्याचे किती. सगळं परवडत नसेल तर पिकाप्रमाणे निवडा, द्राक्षाला हे सगळे, टोमॅटोला डायथायोकार्बामेट, जिथे बांधावर आणि सरीत तणाचं एक पातं दिसत नाही तिथे ग्लायफोसेट.

कांदेवाल्यांनी एक गोष्ट लिहून ठेवा. ही कार्बन डायसल्फाइडची टेस्ट कांदा, लसूण, कोबी, फ्लॉवर यांच्यात खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण या भाज्यांमध्ये मुळातच गंधकाचे पदार्थ असतात आणि उकळले की त्यातून पण तोच गॅस निघतो. लासलगाव भागातल्या एका सेंद्रिय कांदेवाल्याचा रिपोर्ट माझ्याकडे आलेला, बिचारा रडकुंडीला आलेला, मॅन्कोझेब शिवलं पण नव्हतं. त्याला सांगितलं, न फवारलेल्या दुसऱ्या कांद्याचं सॅम्पल सोबत लावा आणि दोन आकडे शेजारी ठेवून बघा. जवळपास सारखेच निघाले.

आता उलट बाजू. औषध सापडलं म्हणजे शेतकऱ्याने मारलंच असंही नाही. आपल्याकडे बागेला बाग लागून आहे, शेजारचा फवारणीचा ब्लोअर चालू झाला की वारं कुठे बघत नाही. हे ओळखायची सोपी युक्ती म्हणजे दोन सॅम्पल वेगळी घ्या, एक शेजारच्या बांधाकडच्या दोन ओळींचं आणि एक प्लॉटच्या मध्याचं. कडेला आकडा आणि मध्ये काहीच नाही तर उडून आलेलं असण्याची शक्यता मोठी, दोन्हीकडे सारखं तर स्वतःच मारलंय असं धरायला जागा आहे. जमिनीत जुनं पण असतं, डीडीटीसारखी औषधं मातीत वर्षानुवर्षं राहतात आणि भोपळा, दोडक्याच्या जातीतली काही पिकं ती मुळातून उचलतात.

आमच्याच घरचं सांगते. निफाडला काकांची थॉमसनची बाग, त्यांनी सगळं रासायनिक बंद करून तिसरं वर्ष होतं, मी स्वतः बघत होते, जीवामृत, शेणखत, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), बस. त्या वर्षी एका खरेदीदाराने फॉस्फोनिक ॲसिडची टेस्ट लावली आणि ते निघालं, माल परत. काका दोन दिवस जेवले नाहीत, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही असं म्हणत होते. नंतर जुन्या फवारणीच्या वह्या काढल्या, बदलायच्या आधीची सलग कितीतरी वर्षं डाऊनीला तेच मारलेलं. फॉस्फोनिक ॲसिड वेलीत मुरतं, खोडात मुळात साठतं आणि पुढची काही वर्षं थोडं थोडं मण्यात येत राहतं, हे जगभरच्या द्राक्षबागांमध्ये दिसलेलं आहे. त्या खरेदीदाराने जुन्या वह्या बघायची तयारी दाखवली असती तर वेगळं झालं असतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की बहुवर्षायू पिकात सेंद्रियकडे रूपांतर सुरू करायच्या दिवशीच एक पानांचं सॅम्पल फॉस्फोनिकसाठी लावून ठेवा, आकडा जपून ठेवा, आणि दरवर्षी तो कमी होत जाताना दाखवा. कमी होत जाणारा आकडा हाच तुमचा पुरावा.

बोर्डोचं नाव निघालंच आहे तर, तांबं सापडलं म्हणून माल रासायनिक ठरत नाही, सेंद्रियमध्ये तांब्याची औषधं मर्यादेत चालतात.

आणि "रेसिड्यू फ्री" म्हणजे सेंद्रिय नाही. हे मी ओरडून सांगते. युरिया, १०:२६:२६, कॅल्शियम नायट्रेट सगळं ड्रिपमधून सोडलेलं असू शकतं, फवारण्या पण झालेल्या असतात, फक्त पीएचआय पाळलेला असतो म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यात पुरेसे दिवस गेलेले असतात. तो माल खायला चांगला असेल, शेतकऱ्याची मेहनत पण आहे त्यात, पण सेंद्रियचे पैसे त्याला देऊ नका.

मग खताचं कसं ओळखायचं? इथे नायट्रोजनच्या आयसोटोपची टेस्ट येते आणि मला ही सगळ्यात आवडते. नायट्रोजनचे दोन प्रकार, हलका १४ आणि जड १५. हवेत दर हजार अणूंमागे जड चारपेक्षा कमी. युरिया आणि बाकीची नायट्रोजनची रासायनिक खतं कारखान्यात हवेतल्याच नायट्रोजनपासून बनतात, हेबर-बॉश पद्धत, १९१३ पासून चालू आहे, त्यामुळे खतातलं हलक्या-जडाचं प्रमाण जवळपास हवेसारखंच राहतं. हवेला शून्य धरतात आणि फरक प्रति हजारात मोजतात, रासायनिक खत शून्याच्या आसपास येतं, दोन-चार अंक इकडे तिकडे. शेणखताचं वेगळं. उकिरडा उकरला की नाकात जातो तो झणझणीत वास म्हणजे अमोनिया उडतोय, आणि उडताना हलका नायट्रोजन आधी उडतो. मागे राहिलेल्या खतात जडाचं प्रमाण वाढतं. म्हणून मुरलेलं शेणखत, कंपोस्ट, कोंबडखत यांचे आकडे साधारण +५ पासून +१५ च्या पुढेही जातात, आणि पीक जे खातं तेच त्याच्या अंगात उतरतं.

टेस्टला माल ६० डिग्रीच्या आसपास वाळवतात, पिठासारखा बारीक करतात, त्यातले काही मिलिग्रॅम टिनच्या छोट्या कॅप्सूलमध्ये भरून हजार डिग्रीच्या आसपास जाळतात आणि निघालेला नायट्रोजन गॅस आयसोटोप रेशो मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात. रेसिड्यूच्या बऱ्याच लॅबमध्ये हे मशीन नसतं, संशोधन संस्थांमध्ये असतं, म्हणून एकट्या गिऱ्हाईकाने याच्या मागे लागू नये, गटाने किंवा कंपनीने करावं. वाळवलेलं सॅम्पल टिकतं, त्यामुळे लांब पाठवायला त्रास नाही.

पण चालते कुठे आणि चालत नाही कुठे ते बघा, नाहीतर चुकीच्या माणसावर आळ येईल. टोमॅटो, ढोबळी मिरची, पालक आणि (एक मेथी सोडून) बाकी पालेभाज्या, म्हणजे पटापट वाढणारी आणि भरपूर नायट्रोजन खाणारी पिकं, यांच्यात फरक चांगला दिसतो. मेथी का वगळली तर ती शेंगवर्गातली आहे, आणि हरभरा, वाटाणा, भुईमूग, सोयाबीन, मेथी ही पिकं मुळांवरच्या गाठींमधून नायट्रोजन थेट हवेतून घेतात, मग आकडा शून्याकडे जातो, शेतकऱ्याने युरियाचा दाणा टाकलेला नसला तरी. हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा (हीपण शेंगवर्गातलीच) गाडणाऱ्याचं पण तेच, तो अगदी मनापासून सेंद्रिय करतोय आणि टेस्टमध्ये युरियावाल्यासारखा दिसतो. उलट एखादा शेणखत पण भरपूर टाकतो आणि वर युरिया पण, त्याचा आकडा मध्येच कुठेतरी. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यावर भाजी असेल तरी आकडा वर जातो, पाणी साचून राहणाऱ्या जमिनीत पण जातो. आणि द्राक्षात खुणा पुसट होतात, वेल खोडात मुळात जुना नायट्रोजन साठवून ठेवते, यंदाचं खत यंदाच्या घडात सरळ दिसत नाही.

म्हणून एकटा आकडा कधीच वाचायचा नाही. त्याच गावातलं, त्याच वाणाचं, त्याच आठवड्यात काढलेलं एक रासायनिक पिकाचं सॅम्पल आणि एक तुमच्या भरवशाच्या सेंद्रिय शेतातलं सॅम्पल सोबत लावा, आणि जे खत टाकलं म्हणतात त्या खताचं पण एक मूठभर लावा. शेतकरी म्हणतो कोंबडखत टाकलंय, खताचा आकडा +१०, शेजारच्या युरियावाल्या टोमॅटोचा +१ आणि याचा पण +१, तर मग बसून बोलायला हवं. कॅल्शियम नायट्रेटचा संशय असेल तर पिकातल्या नायट्रेटच्या ऑक्सिजनचा आयसोटोप पण बघतात, कारण कारखान्यातल्या नायट्रेटमध्ये हवेतला ऑक्सिजन असतो आणि जमिनीत जिवाणूंनी बनवलेल्यात बराचसा पाण्यातला, पण ते काम आणखी खर्चिक.

खनिजांचा किंवा पिकातल्या शेकडो रसायनांचा पॅटर्न काढून कॉम्प्युटरने ओळखणं यावर पण संशोधन चालू आहे. त्याला त्या भागातल्या खात्रीच्या सॅम्पलचा मोठा साठा हाताशी लागतो, वाण बदलला, पाऊस बदलला की पॅटर्न पण बदलतो, त्यामुळे आपल्या रोजच्या कामाला सध्या सोडून द्या.

आता सॅम्पल कसं घ्यायचं. यावर सगळं अवलंबून आहे आणि यातच सगळ्यात जास्त गडबड होते. रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हा निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता आहे. म्हणजे विकणाऱ्याने स्वतः नेऊन दिलेल्या पिशवीचा रिपोर्ट त्या पिशवीचाच असतो, ती कुठल्या बागेतली हे लॅबला माहीत नसतं. सॅम्पल तुम्ही किंवा लॅबच्या माणसाने उचलायचं. द्राक्षाला दोन किलो आणि कमीत कमी पाच घड, टोमॅटो-कांद्यासारख्या मध्यम मालाला एक किलो आणि कमीत कमी दहा नग, आणि तेही एका झाडाचे किंवा एका क्रेटमधले नाही, प्लॉटमध्ये झिगझॅग फिरून, घड वरचा खालचा, उन्हातला सावलीतला, सगळे. धुवायचं नाही, पुसायचं नाही. ज्या हाताने फवारणीचा पंप धरला त्या हाताने तोडायचं नाही, कोरे ग्लोव्हज घाला. कोऱ्या पिशवीत भरा, तारीख, गट नंबर, वाण, वेळ लिहा, दोघांच्या सह्या करून सील करा, शेतकऱ्यासमोर. अर्धं सॅम्पल वेगळं सील करून डीप फ्रीजरमध्ये ठेवा, वाद झाला तर तेच कामाला येतं. उन्हात गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवलेलं सॅम्पल मी स्वतः परत पाठवलेलं आहे, बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचवा.

कधी घ्यायचं? काढणीला घेतलेलं सॅम्पल फक्त शेवटच्या काही आठवड्यांची गोष्ट सांगतं. खरं बघायचं असेल तर पिकाच्या मध्यात पानं घ्या. द्राक्षाला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जेव्हा आभाळ भरून येतं, अवकाळी पडतो आणि डाऊनीच्या भीतीने सगळा तालुका पंप घेऊन बागेत असतो, त्यानंतर तीन-चार दिवसांनी न सांगता जाऊन पानं घेतली की कळतं. तेव्हाच हात थरथरतो माणसाचा, वर्षाचं पीक डोळ्यासमोर जात असतं, मी त्यांना नावं ठेवत नाही, पण तपासायचं तेव्हाच.

लॅब निवडताना एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता बघा आणि नुसता लोगो नाही, तिच्या स्कोपमध्ये तुमचं पीक आणि तुमची टेस्ट आहे का ते एनएबीएलच्या साइटवर बघता येतं. रिपोर्ट आला की आधी किती औषधं तपासली तो आकडा बघा, मग एलओक्यू, म्हणजे लॅब खात्रीने मोजू शकते ती सगळ्यात छोटी मात्रा, ती बहुतेक ठिकाणी ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो असावी. कोणी ०.०५ ठेवून एनडी लिहीत असेल तर त्या एनडीला अर्थ कमी. मर्यादेचं म्हणाल तर एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) २०१७ च्या सेंद्रिय अन्नाच्या नियमात असं आहे की सेंद्रिय मालात कीटकनाशकाचा अंश नेहमीच्या मर्यादेच्या ५ टक्के किंवा एलओक्यू, यातलं जे जास्त असेल तेवढ्यापर्यंतच चालतो. म्हणजे नेहमीच्या एमआरएलच्या (अंशाची कमाल मर्यादा) आत आहे हे सेंद्रियला पुरत नाही, बरेच विक्रेते तेच दाखवून मोकळे होतात.

लॅबसोबत वही पण तपासा, खर्च शून्य. एनपीओपी (त्रयस्थ संस्थेकडून तपासणी) किंवा पीजीएस-इंडियाचं (शेतकरी गटांनी एकमेकांची तपासणी) सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर त्यावर पीक, क्षेत्र आणि मुदत बघा, टोमॅटोच्या प्रमाणपत्रावर द्राक्षं विकणारे भेटलेत मला. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला प्रमाणपत्रातून सूट आहे, मात्र सेंद्रियचा सरकारी लोगो तो लावू शकत नाही. आणि बेरीज करा. एक एकर बाग, एकरी नऊ-दहा टन माल, आणि विकला पंचवीस टन, तर वरचा माल कुठून आला? हे कुठल्याच मशीनला दिसत नाही. शेणखताच्या ट्रॉल्या किती आल्या, कोणाकडून आल्या, पावत्या कुठे, खताच्या दुकानाचं खातं कोणाच्या नावावर आहे, हे पण विचारा.

सोसायटीच्या ग्रुपने करायचं म्हटलं तर माझा सल्ला असा. वीस-पंचवीस घरांनी वर्गणी काढा, ज्याच्याकडून घेता त्या शेतकऱ्याला आधीच सांगा की वर्षातून दोनदा आम्ही सॅम्पल लावणार, कधी ते सांगणार नाही, खर्च आमचा. पहिल्या वर्षी एक पानांचं मधल्या काळातलं आणि एक काढणीचं रेसिड्यू, वर सांगितलेल्या जास्तीच्या टेस्टसकट. खताबद्दल शंका राहिलीच आणि पीक टोमॅटोसारखं असेल तरच आयसोटोप. लॅबचे दर आधी फोनवर विचारून घ्या, प्रत्येकीचे वेगळे असतात.

आणि आकडा वाईट आला तर लगेच ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकू नका. आधी शेतकऱ्याकडे जा, रिपोर्ट त्याच्या हातात द्या, फवारणीची वही मागा, शेजारी कोण काय मारतं ते विचारा, फ्रीजरमधलं दुसरं सॅम्पल दुसऱ्या लॅबला लावा. त्याचा रिपोर्ट येईपर्यंत माल घ्यायचा थांबवलात तरी चालेल, शेतकऱ्याचं नाव मात्र कुठे घेऊ नका.